मुकुंदच्या नावाने

नको असलेल्या जाहिराती अडवणाऱ्या सरकारी कार्यालयात वैजयंती बसली होती. तिचा नवरा मुकुंद घरी एकटा असताना गेला होता, आणि त्याने तिला पाठवलेली शेवटची मेल इथल्या यंत्राने अडवली होती.

"ताई, त्यात गोळ्यांचं नाव होतं, 'लगेच विकत घे' असं होतं," अधिकारी म्हणाला. "कायद्याने ती जाहिरात ठरते."

"मला वाचायचीय."

"मग त्यांच्या नावाने येणाऱ्या जाहिराती तुम्हाला चालतील, अशी संमती द्यावी लागेल."

तिने दिली.

'वैजू, छातीत दुखतंय. माझ्या गोळ्या लगेच विकत घे आणि ये.'

दुसऱ्या दिवसापासून मुकुंदच्या नावाने औषधांच्या जाहिराती येऊ लागल्या. प्रत्येकीची सुरुवात 'वैजू' अशीच असायची. त्या बंद करायचं बटण खालीच होतं. वैजयंती मात्र प्रत्येक मेलला उत्तर लिहायची, "निघालेय, आलेच."