मच्छरदाणीतल्या नाशपात्या

जुलै १९८८. चंदीगड विमानतळाच्या वाटेवरल्या नाक्यावर हवालदार म्हणाला, “पेटी खोलो जी.” पेटीत आमच्या बागेतल्या बारा नाशपात्या होत्या, परदेशी निघालेला पहिला नमुना. बागेच्या प्रमुख शैलजा मॅडम म्हणाल्या, “उघड्यावर उघडली आणि एक जरी फळमाशी आत शिरली, तर पंजाबचं फळ तिकडे कायमचं बंद.” “अंदर बम हुआ, तो मैं हमेशा के लिए बंद.” अडचण ही, की दोघांचंही बरोबर होतं आणि विमान तासाभरात सुटणार होतं. तेवढ्यात मॅडमना मच्छरदाणी लावलेली जवानांची खाट दिसली. पाचव्या मिनिटाला मच्छरदाणीत मॅडम, मी, हवालदार आणि त्याची रायफल मांडी घालून बसलो. त्याने एकेक नाशपाती हुंगली, मी पेटी पुन्हा सील केली आणि सगळं पेटीसोबत जाणाऱ्या फॉर्मवर लिहिलं. महिन्याने तिकडून टेलेक्स आला: “फळे मंजूर. यापुढे प्रत्येक पेटी मच्छरदाणीत, सशस्त्र हवालदारासमोरच तपासावी.”