दमसास

अनंतरावांना हल्ली आपलं घर आपलं वाटेनासं झालं होतं. फाटक उघडं दिसलं की ते निघत. एकदा त्यांच्यामागे धावताना त्यांच्या साठीतल्या बायकोला, गोदूला, कोपऱ्यावरच धाप लागली आणि बसकण मारावी लागली. अनंतराव संध्याकाळी थेट शहराच्या टोकाला भनपुरीत, ट्रकांच्या गर्दीत सापडले.

दुसऱ्या दिवसापासून, ते झोपेत असतानाच, गोदू पहाटे तळ्याकाठी धावू लागली. शेजारच्या पिंकीनं शिकवलं तसं, एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं.

“काकू, ह्या वयात काहून जीव काढून राहिल्या?” पिंकी हसायची.

“माझा माणूस पुढं जाऊन राहिला ना पोरी. त्याच्यासंगं राहाले मले दम नको?”

तीन महिन्यांत ती न थांबता अख्ख्या तळ्याला फेरी घालू लागली.

काल अनंतराव पुन्हा निघाले आणि मागे पावलं वाजताच पळत सुटले. गोदूनं पदर खोचला. बुढापाऱ्याच्या गल्ल्यांतून, स्कूटरी चुकवत ती धावली, आणि छातीतला श्वास कुठं म्हणून तुटला नाही. ब्राह्मणपाऱ्यात देवळापाशी तिनं त्यांना गाठलं, हात धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू उमललं.



ह्या हिंदी मुलखातही जन्मभर तिच्याशी मराठीतच बोललेले अनंतराव तिचा हात घट्ट धरून हिंदीत म्हणाले, “दीदी, मुझे कहीं छुपा दो, एक औरत कब से मेरे पीछे पड़ी है।”