उरलेली माती

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलसाठी मी निफाडहून खंडूमामाच्या वावरातल्या एका पट्ट्यातली माती आणली. सावलीत वाळवली, कुटली, बारीक चाळणीने चाळली. क्षार मोजायच्या दिवशी लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं, म्हणून बोअरच्या पाण्यावर भागवलं. एवढं चालतं. मीटरवरचा आकडा बघितला आणि मोठ्या ऐटीत मामाला फोन लावला, "मामा, जमीन क्षारपड झालीये. त्यात बी उगवणारच नाही. यंदा तो पट्टा पेरू नको."

मामा म्हणाला, "तू शिकलेली. तू म्हणशील तसं."

उरलेल्या मातीची पिशवी मी गॅलरीत टाकली आणि विसरून गेले.

दसऱ्याला मामा नाशिक रोडला आमच्याकडे सोनं द्यायला आला. आईने देवघरातल्या घटाचे वीतभर वाढलेले पिवळेधमक तुरे खुडले आणि त्याच्या टोपीत खोचले.

"लय जोमात आलाय घट," मामा म्हणाला. "माती कुठली गं आक्का?"



"तुझीच की," आई म्हणाली. "हिने नापास केली, ती."