पप्पांसोबत बघायचा भाग

अंतराळयानाच्या मालिकेचा ख्रिसमसचा खास भाग कधीच येऊन गेला होता, तरी चंचलने तो बघितला नव्हता. ऊस गाळपाच्या दिवसांत पप्पा बारडोलीला साखर कारखान्यावरच राहायचे, आणि तो भाग दोघांनी मिळूनच बघायचा असं ठरलं होतं. रविवारी गजेंद्र कतारगामला घरी आला, तसं एकुलत्या एक लेकीने त्याला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं.

"पप्पा, तुम्ही चोरून बघितला नाही ना?"

"तठे टीव्ही कोठे शे, बेटा?"

मटार सोलता सोलता योगिताला नवऱ्याचं कौतुक वाटलं.

पडद्यावर नाताळबाबा यानात भेटवस्तू वाटत होता, सगळे गाणी म्हणत होते. गजेंद्रने हलकेच चंचलच्या दोन्ही कानांवर हात ठेवले. पुढच्याच क्षणी यानाचं इंजिन धडामकन फुटलं.

"पप्पा, काढा ना हात!" चंचल वैतागली.

योगिताच्या हातातली शेंग तशीच राहिली. स्फोट होणार हे त्याला आधीच माहीत होतं. खालच्या मजल्यावर कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात चंचल पाळण्यात होती तेव्हापासून गाढ झोपत आली होती. आवाजाला घाबरणारं लेकरू या घरात नव्हतं.