मिल संघ पहिला

"मिल संघ पहिला?" तेजस्विनीने कीबोर्डवरचा हात काढला. "काका, पाच वर्षं तुम्ही त्यांना सहावा नंबर देताय. आणि संघच सहा आहेत!"

"या वर्षी पहिला लिही," विनायकराव म्हणाले.

पुतणीने बनवून दिलेला हा कॉम्प्युटरवरचा खेळ आता सुरतेतल्या जुन्या कबड्डीवाल्यांचं व्यसन झाला होता. ऐंशी ते नव्वद या दहा वर्षांत इथे खेळलेले सहा मराठी संघ आणि विनायकरावांच्या वह्यांतले त्यांचे आकडे. काही खेळाडू देवाघरी गेले, काहींचे गुडघे गेले, पण पडद्यावर सगळे पंचविशीतलेच. दिवाळीनंतर दर रविवारी एक सामना, निकाल ग्रुपवर. त्याआधी विनायकरावांचं भाकीत. सामन्यांपेक्षा भांडणं त्या भाकितावरच जास्त व्हायची.

"पण आकडे तर तेच आहेत. प्रोग्राम तुमचं ऐकायचा नाही."

"एक आकडा बदलायचाय. अठ्ठ्याऐंशीची फायनल. मिलचा भगवंत बिऱ्हाडे, शेवटची चढाई. अयशस्वी आहे ना? यशस्वी कर."

"गडी कोण बाद झाला म्हणून लिहू?"

"मी."

तेजस्विनीने वळून त्यांच्याकडे बघितलं. मग तिने बदल केला. बँक संघ त्या वेळी दोन गुणांनी पुढे होता आणि मैदानात त्यांचे एकटे विनायकराव उरले होते. ते बाद म्हणजे एक गुण आणि अख्खा संघ बाद झाला म्हणून लोणाचे दोन. करंडक बँकेकडून मिलकडे गेला. फायनल जिंकून देणारा चढाईपटू म्हणून भगवंतचं वजन एकदम वाढलं. तिने दहा हंगाम चाचणीला फिरवले. सातदा मिल संघ पहिला.

विनायकरावांनी चष्मा काढून पुसला.

त्या संध्याकाळी मैदानात एवढा आरडाओरडा होता की पंचांची शिट्टीसुद्धा धड ऐकू येत नव्हती. भगवंत वाकून आला, डाव्या हाताची बोटं विनायकरावांच्या पायाच्या अंगठ्याला लागली आणि तो उलटा पळाला. पंच विठ्ठलरावांना दिसलं नाही. तेव्हाची पद्धत अशी, की पंचाला शंका आली तर त्याने गड्यालाच विचारायचं, आणि गडी सांगेल ते खरं. विठ्ठलरावांनी विचारलं, "लागला का रे?" पंचवीस वर्षांच्या विनायकने मान हलवली. नाही.

करंडक आणला तर खेळणाऱ्यांना कायम करू, असं मिलच्या मॅनेजरने सांगून ठेवलं होतं. भगवंत बदली कामगारच राहिला. पुढे गोडादऱ्याच्या वस्तीत कापडाच्या लूमवर बारा-बारा तास उभा राहिला. विनायकराव ऑफिसर होऊन निवृत्त झाले.

गेल्या आठवड्यात राममंदिरात कीर्तन होतं. उत्तररंगात बुवांनी झांज थांबवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "देवापुढे रोज हात जोडता, बाबांनो. ज्याचं काढून घेतलं, त्याच्यापुढे कधी जोडलेत का?" मग गजर झाला. सगळं मंदिर टाळ्यांनी भरून गेलं. विनायकरावांचे हात मांडीवरच राहिले.

रविवारी सकाळी त्यांनी भाकीत ग्रुपवर टाकलं. खाली सगळी हकिकत, स्वतःच्या नावानिशी. मग कागदावर छापलेली प्रत घेऊन रिक्षाने गोडादऱ्याला गेले.

दारात भगवंतची बायको, सोनाबाई, भाजी निवडत होती. तिने मान वर केली.

"काय हो भाऊ, आज बँक वाट चुकनी का?"

"चुकली होती, वहिनी. आज सापडली."

"बठा. चहा ठेवस." आवाजात गोडवा नव्हता, पण ती उठली.

भगवंत खाटेवर पेपर वाचत होता. "जयभीम, साहेब. नंबर सांगायला आलात? सहावा ना?"

"जयभीम. पहिला."

भगवंत हसला. "डोळे तपासा."

विनायकरावांनी उभ्यानेच कागद वाचला. स्पर्शाच्या ओळीवर आवाज फाटला, तरी थांबले नाहीत. वाचून झाल्यावर हात जोडले. "सदतीस वर्षं उशीर झाला, भगवंतराव. तुमची नोकरी माझ्या एका मान हलवण्याने गेली."

सोनाबाई चहाचे कप घेऊन दारात कधीची उभी होती. तिने कप खाली ठेवले, पदराने डोळे पुसले.

"मी म्हनत व्हतू ना!" ती नवऱ्याला म्हणाली. "सगळी चाळ हसे माले. म्हने, हरनारा असंच सांगतस." मग विनायकरावांकडे वळून, जरा शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "लई शिव्या दिल्या तुम्हाला, भाऊ. माफ करा. तो कागद द्या इकडे. शेजारच्या प्रमिलाबाईला दाखवून येते."

कागद छातीशी धरून ती गेली. बाहेर तिची हाक दोन-तीन दारांवर ऐकू आली.

"ग्रुपवर टाकलंत?" भगवंतने विचारलं.

"सकाळीच."

"किती जण आहेत?"

"एकशे चाळीस."

भगवंतने चहाचा कप हातात घेतला आणि न पिता परत ठेवला. उठून दार लोटून घेतलं.

"तिने आयुष्यभर तुम्हाला शिव्या दिल्या, साहेब. मी एकदाही अडवलं नाही."

"अडवायचं कशाला? हात लागला होता. मला कळलं होतं."

"लागला होता," भगवंत हळू आवाजात म्हणाला. "पण तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच माझा दम तुटला होता, म्हणजे बाद मीच होतो. त्या गोंगाटात कुणाला कळलं नाही. मी नुसते ओठ हलवत होतो."