पहिला घाणा

"गॅस बंद कर," शिवराम स्वयंपाकघराच्या दारातून ओरडला.

प्रीतीने बंद केला नाही. कढईत चौकोनी तुकडे फुगून वर येत होते आणि त्यांना अर्धवट सोडणं तिच्या जिवावर आलं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली कणीक, चिमूटभर बडीशेप, वरून खसखस. लाटायची, कापायची, तळायची. कापण्या. मांजर्लीला तिच्या आईकडे पावसाळ्यात दुपारी कंटाळा आला की व्हायच्या. यात ओरडण्यासारखं काय आहे, ते सासऱ्यालाच ठाऊक.

"आखाड तळतेस काय? हे आषाढातलं देवाधर्माचं तळण आपल्यात नाय. छप्पन साली माझ्या बापाने दीक्षा घेतली, तवाच हे सगळं सुटलं."

"बाबा, मी आखाडबिखाड काही तळत नाहीये. रविवार आहे, खावंसं वाटलं. बस."

शिवरामने अंबरनाथच्या कारखान्यात उभा जन्म युनियनचं काम केलं होतं. साहेबांपुढे चढवायचा आवाज रिटायर झाल्यावर कुठे ठेवायचा हे त्याला उमगलं नाही, म्हणून तो घरात वापरत होता. पालेगावच्या या नव्या फ्लॅटमध्ये प्रीती नरेंद्रशी लग्न होऊन आली आणि आवाजाला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. तिची जीन्स त्याला चालत नव्हती. उल्हासनगरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवते, तेही डोळ्यात खुपत होतं. प्रीतीने सगळं गिळलं. पण स्वयंपाकघरात तो आजवर शिरला नव्हता. ही एवढी जागा आपली, असं ती धरून चालली होती.

सासू रखमा खाली बसून कणीक लाटत होती. ती कोणाच्या बाजूने आहे हे तिने सगळ्या संसारात कोणालाच कळू दिलं नव्हतं. आताही तिने मान वर केली नाही. फक्त लाटणं थांबलं.

"खायला दुसरं काय मिळालं नाय?" शिवराम म्हणाला. "तुझ्या आईला लाज नव्हती, ती तुला पण नाय."

प्रीतीने झाऱ्यातल्या कापण्या निथळून ताटात टाकल्या. मग झारा ओट्यावर ठेवला आणि आत गेली. आली ती खांद्याला बॅग लावून. डोळे भरले होते, पण आवाज साफ होता.

"मला बोला. माझ्या आईवर जायचं नाही. नरेंद्र ड्युटीवरून आला की सांगा, मी मांजर्लीला गेले. आणि घ्यायला येऊ नको म्हणावं. ज्या घरात मूठभर पीठ माझ्या मनाने तळता येत नाही, ते माझं घर नाही."

तिला खरंच जायचं होतं. इतके दिवस मनात घोळत होतं ते आज तोंडून बाहेर पडलं आणि तिला हलकं वाटलं.

शिवराम दारातून हलला नाही. माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"जा. पण ऐकून जा. कापणी म्हणजे काय, ठाऊक हाय का तुला? मी खाल्लीय. आखाड सरला की पाटलीणबाई बोलवायची. माझी माय दाराबाहेर पदर पसरून उभी राहायची आन् ती वरून टाकायची, हात लागायला नको म्हणून. घरी आणून बघावं तर नुसतं चामडं. कुबट वास. दाढेत धरून हाताने ओढायची, तवा तुटायची. आम्ही भावंडं त्याच्यावरून मारामाऱ्या करायचो. पुढं कळायला लागल्यावर शरम वाटली. असलं कुत्र्याचं खाणं माझ्या घरात तळतेस?"

हे प्रीतीला कोणी सांगितलं नव्हतं. नरेंद्रलाही माहीत नसावं.

"बघ, दाखवतो तुला," शिवराम म्हणाला.

त्याने ताटातली एक कापणी उचलली. बोटांना चटका बसला तरी सोडली नाही. तोंड वाकडं करून उजव्या दाढेत धरली, करकचून चावली आणि उरलेला तुकडा हाताने जोरात ओढला.

ओढायला काही नव्हतंच. कापणी खुटकन तुटली. जोर लावलेला हात मागे जाऊन दाराच्या चौकटीवर आपटला. चुरा त्याच्या बनियनवर सांडला.

तोंडातलं त्याने थुंकलं नाही. हळूहळू चावत राहिला. मग हातातला अर्धा तुकडा त्याने तोंडात टाकला, यावेळी पुढच्या दातांनी, जरा भीत भीतच.

कढईतल्या तेलाचा धूर वर चढायला लागला. प्रीती बॅग घेऊन तशीच उभी होती.

"तेल जळतंय," शिवराम तिच्याकडे न बघता म्हणाला. आवाज तसाच करडा होता, फक्त दारापलीकडे जाईल इतका उरला नव्हता. "दुसरा घाणा सोड."

प्रीतीने क्षणभर सासूकडे पाहिलं. रखमाने कापलेल्या तुकड्यांचं ताट तिच्याकडे सरकवलं. बॅग खाली ठेवून प्रीतीने गॅस बारीक केला.

शिवराम भिंतीला टेकून खाली बसला. ताटातली आणखी एक कापणी त्याने उचलली, उलटसुलट करून पाहिली, नाकाजवळ नेली.

"रखमे," तो म्हणाला, "ह्या कापण्या नव्हत. आमच्या पदरात पडायच्या त्या येगळ्या."

रखमाने पोळपाटावर नवा गोळा घेतला.

"त्याच हायेत," ती म्हणाली. "ह्या आजच्या हायेत."