दुपारची अंगाई

"झोप माझ्या वैऱ्या आता, रात उरली बोटभर,
उद्या पुन्हा उभी मीच यंत्रापाशी दिवसभर."

धाकट्या भावाला थोपटताना आई हे म्हणायची. आवाज गोड नव्हता; थोपटणंही जरा जोरातच असायचं. इतक्या वर्षांनी, मार्गदर्शक बाईंच्या खोलीत मान खाली घालून बसलेल्या तिला तो आवाज ऐकू आला. आणि लगेच समोरून दुसरा.

"हा पूर्वसंशोधनाचा आढावा आहे की हजेरीपट?" बाईंनी तिच्या प्रबंधाचं प्रकरण टेबलावर आपटलं. "अमुक म्हणतात, तमुक म्हणतात, तमक्यांना दुजोरा द्यायला आणखी चौघे येतात. सगळे हजर. तू कुठायस?"

"मॅडम, अंगाईवर जेवढं छापून आलंय तेवढं सगळं वाचलंय मी."

"वाचलंस गं! वाचलंस म्हणून तर डोकं उठलंय माझं." बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "उद्या सकाळी समिती बसतेय. यात तुमचं नवीन काय, एवढंच विचारतील. गप्प बसलीस की नोंदणी रद्द. दोनदा सांभाळून घेतलं, आता माझ्याही हातात नाही."

ती पानाचा कोपरा दुमडत राहिली.

"एवढ्या गर्दीत न पटलेला एकही माणूस नाही तुला? सगळे म्हणतात अंगाई म्हणजे मायेचा झरा, की तूही आपली बसलीस झऱ्यात पाय सोडून!"

"नाही पटलं," ती पुटपुटली.

"काय?"

"निष्कर्ष वाचून वाचून काही हाती लागेना. मग त्यांनी गाणी जमवली कशी, तेवढीच पानं पुन्हा वाचली."

"ती पानं कोण वाचतं!"

"तेच ना, मॅडम. सगळ्यांनी दुपारी जमवलीत. बायकांची कामं आटोपल्यावर, पुढच्या खोलीत, खुर्च्या मांडून. म्हणून सगळ्या गाण्यांत चांदणं आहे. वैताग कुठेच नाही. दमलेली बाई अशी गात नाही."

बाईंच्या हातातलं लाल पेन थांबलं.

"अगं, मग हे लिहायला काय धाड भरली होती तुला? वर्षभर माझा जीव खाल्लास, आणि हे पोटात घेऊन बसलीस?"

तिची नजर बाईंच्या मागच्या कपाटावर गेली आणि तिथेच अडकली. बाईंचा अंगाईगीतांचा जाडजूड संग्रह तिथे उभा होता. तिने वाचलेल्या प्रत्येक लेखाला त्याचाच आधार होता. आणि तिच्या प्रबंधावर सही बाईंचीच लागणार होती.

बाईंनी वळून पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"माझं वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "मी गाणी जमवली त्या वस्तीतच राहिलेय. बायका मला घरातलीच समजायच्या."

"हो, मॅडम."

"हो काय, हो? उद्या समितीपुढेही अशीच माना डोलवणार आहेस? काय ते एकदाचं बोलून टाक."

तिने पानाचा कोपरा सोडून दिला.

"ग्रंथालयात तुमच्या ध्वनिफिती आहेत. त्या ऐकल्या मी. सगळ्या."

"मग?"

"मॅडम, एकाही फितीत मूल रडत नाही."